हिमालयाच्या जागी बसलेली खाला

पूर्णगड, रविवार

आदरणीय मामूजान,

अस्सलामु अलैकुम. तुमचा गुडघा आता बरा असेल आणि कुवेतच्या उन्हात गाडी चालवताना पाणी पीत असाल, अशी आशा आहे. इथे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. (फोनच केला असता, पण आपल्या घरात फोन स्पीकरवरच असतो.)

दोष तुमचा आहे. अब्बा मला हिमाचलात, हिमालयाच्या पायथ्याशी, तेलाच्या सर्वेक्षणाला पाठवायला जवळजवळ तयार होते. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे त्यांच्याकडून नुसतं "बघू" मिळवण्यात अख्खा पावसाळा गेला. तेवढ्यात तुम्ही तुमच्या बहिणीला, आमच्या खालाला, फोनवर म्हणालात, "तेल आमच्या वाळवंटात. डोंगरात ही पोरगी काय काढणार, मध?" झालं! खाला रिक्षा करून हजर. अब्बा म्हणाले, "हिला पटलं तर जा."

मी प्रामाणिकपणे समजावलं. खाला गादीच्या कडेला बसली होती. म्हटलं, गादी म्हणजे जमीन आणि तू हिमालय. डोंगराच्या भाराने पुढची जमीन वाकते, खोलगट होते, डोंगरावरून वाहून आलेला गाळ तिथे साचतो. खालचे जुने थर दबून तापतात आणि सगळं जुळून आलं तर तेल होतं. (तुमच्या कुवेतच्या तेलामागेही पलीकडचे इराणचे डोंगर आहेत. इतकी वर्षं तिथे राहून तुम्हाला याचा पत्ता नाही!) इतक्यात टीव्हीचा रिमोट आणि अम्मीचं दोऱ्याचं रीळ घरंगळत खालाला जाऊन चिकटलं. "बघ, गाळ!" मी आनंदाने ओरडले.

खाला शांतपणे म्हणाली, "आणि ह्यो हिमालय अजून वाढतोय काय गो?"

मामू, मी खोटं कसं बोलू? म्हटलं, "हो, दरवर्षी थोडा थोडा."

समोरच्या बशीतली सांदणं तशीच टाकून ती उठली. तिच्यामागून अब्बांची परवानगीही गेली. मी माफी मागायला गेले होते, पण उदाहरण चुकलं असं काही म्हणवेना. ते चुकलेलं नाही!

तुमची नाराज भाची,
आसिया

ता. क. तेल मिळेलच असं नाही, पुष्कळ विहिरी कोरड्या निघतात. हे मी अब्बांना आपणहून सांगून बसले आहे. तुम्ही पुन्हा सांगू नका.

ता. क. २. आत्ताच खालाचा निरोप आला. ती अब्बांना "हो" म्हणायला लावेल. अट एकच: ईदला तुम्ही आलात की सगळ्यांसमोर त्याच गादीवर हिमालय म्हणून बसायचं. तुमच्या वतीने मी कबूल केलं आहे. तरी वजन कळवा. खरं कळवा, गादीत कापूस त्या हिशोबाने भरून घ्यायचा आहे.