ऑर्व्हिलचं पिस्तूल आणि माझा उजवा हात

झिगलर्स रन, पेनसिल्व्हेनिया
१४ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप व्हर्नाताईस,

धाकट्या क्लेटनचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (त्याहून खाली वाकलो तर सरळ करायला तुझ्या भावजयीला, डोरिसला, हाक मारावी लागते, आणि ती सध्या माझ्याशी बोलत नाही.) मोतीबिंदू काढल्यापासून तुला सरोवरापलीकडचा कॅनडा दिसतो असं तू फोनवर म्हणालीस, ते ऐकून आनंद झाला. तिकडे एरीत बर्फ अजून पडला नसेल तर यंदा उशीरच म्हणायचा. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे छत गळतं आहे, कुत्रा बहिरा झाला आहे आणि डॉक्टरनं मला खारवलेलं डुकराचं मांस बंद केलं आहे, पण तेवढं सोडलं तर ठीक आहे.

पत्रास कारण असं की, आपल्या घरातली खरी नेमबाज तू, म्हणून सल्लाही तुलाच विचारतो. आमच्या संघाचा कप्तान ऑर्व्हिल झेर्बे एप्रिलमध्ये गेला हे तुला कळवलं होतंच. त्याचं पिस्तूल त्याच्या बायकोनं, थेल्मानं, विकायला काढलं आहे. १९५८ सालचं, बावीस बोराचं, जाड नळीचं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ ऑर्व्हिलनं स्वतः कानस मारून हाताला बेतलेली. ते घ्यावं की घेऊ नये, एवढाच प्रश्न आहे. तो डोक्यात घेऊन मी सहा आठवडे हिंडतो आहे, आणि आता अवस्था अशी आहे की कोणी कॉफीत दूध घालू का विचारलं तरी मला खुर्ची लागते.

अडचण पिस्तुलाची नाही, माझ्या उजव्या हाताची आहे. तो थरथरतो. डॉक्टर म्हणतात, हा थरथरण्याचा साधा प्रकार, वाईट नव्हे. (साधा म्हणजे कुणाला साधा, हे त्यांनी सांगितलं नाही.) आपला खेळ एका हाताचा, दुसरा हात पँटच्या खिशात. माझा खिशातला हात अगदी स्थिर असतो. तो बाहेर काढून बघितला, पण त्यानं उभ्या जन्मात नेम धरलेला नाही आणि आता शिकायची त्याची तयारी दिसत नाही. मंगळवारच्या हिवाळी स्पर्धेत संघ चौघांचा लागतो. ऑर्व्हिल गेल्यावर उरलो तिघं, आणि त्या तिघांतला एक मी, म्हणजे खरं तर अडीच. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारपर्यंत चार नावं दिली नाहीत तर आमच्या क्लबचा संघ यादीतून जाणार. बाकीच्या दोघांना मी ऐटीत सांगून बसलो की मला फक्त जड नळीचं पिस्तूल मिळू द्या, हात आपोआप शांत होईल, मग चौथा कुठूनही उभा करू. माणूस थकला की असली वाक्यं तोंडातून फार सहज निघतात.

डोरिसला हे कळलं तेव्हा ती भांडली नाही. तिनं नुसतं माझ्यापुढे सूप ठेवलं आणि समोर बसून बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या शेजारी जेवायला बसायचं तर मला रेनकोट लागतो, आणि तू नेम धरणार? कशावर, कोठारावर?" मी म्हटलं, कोठारावर नाही, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

तर मी थेल्माकडे गेलो. तिनं भट्टीतून काढलेला काकवीचा गोड पाई कापला, कॉफी दिली, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर पिस्तूल ठेवलं. आणि ताई, आता जे लिहितो ते वाचून तू पत्र खाली ठेवशील, पण पुन्हा उचल. मी ते हातात घेतलं, रिकामं आहे ना हे दोनदा पाहिलं, खिडकीबाहेरच्या टपालपेटीवर रोखलं आणि चाप ओढला. न विचारता. नळीत काही न घालता. माझ्या वयाचा माणूस, इतकी वर्षं मंगळवार न चुकवलेला, ज्यानं नव्या पोरांना शंभरदा सांगितलं असेल की बाबांनो, या गोळीची दारू तिच्या बुडाच्या कडेत असते, पिन कडेवर आदळते, आणि गोळी नसली तर ती नळीच्या पोलादावर आदळून खड्डा पाडते. त्यासाठीच तर आम्ही सगळे खिशात त्या पिवळ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठेवतो, भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात त्या. (नळीत त्या अगदी गोळीसारख्या बसतात. आमच्यातल्या एकाही घरात तसबीर सरळ टांगलेली नाही, कारण गिट्ट्या भिंतीपर्यंत पोचतच नाहीत.) माझ्या खिशात त्या दिवशी सात होत्या.

त्या 'खट्' आवाजानं थेल्माचा सुरी धरलेला हात हवेतच राहिला. "अरे मेल्या!" ती म्हणाली, "सदुसष्ट वर्षांत ऑर्व्हिलच्या बापानं नाही, ऑर्व्हिलनं नाही, कुणी म्हणून कुणी ते कोरडं ओढलं नाही! आणि तू माझ्या स्वयंपाकघरात, माझा पाई तोंडात घालून!" मग तिनं शिवणाचं भिंग आणलं. आम्ही दोघांनी आळीपाळीनं नळीच्या मागच्या तोंडाशी पाहिलं. तिथं एक बारीक खूण होती. ती आजची की जुनी, हे सांगता येईना. माझ्या हातात भिंग असलं की सगळ्याच खुणा हलतात. थेल्मानं मात्र निकाल दिला की खूण आजची, आणि आता हा माल दुसऱ्या कुणाला दाखवायला तिचं मन धजणार नाही. वर एक अट. काचेच्या कपाटात ठेवायला मागणारे तिघे आले होते, त्यांना तिनं दारातूनच घालवलं. पिस्तूल दर मंगळवारी चाललं पाहिजे. मी मान डोलावली. मान अजून माझ्या ताब्यात आहे.

पुढच्या मंगळवारी क्लबात चाचणी झाली. थेल्मा पर्स मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली होती, कारण पिस्तूल एकटं माझ्याबरोबर पाठवायला ती तयार नव्हती. काय सांगू ताई, काय वस्तू आहे! चाप काचेची बारीक काडी मोडावी तसा सुटतो. मूठ हातात अशी बसते की ऑर्व्हिलशी हस्तांदोलन केल्यासारखं वाटलं आणि मला जरा गहिवरून आलं. जड नळीनं थरथर थांबली नाही, तिची चाल मात्र बदलली. आधी हात लहान आणि भराभर हलायचा, आता मोठा आणि सावकाश हलतो. शंभरात एकसष्ट. त्यातल्या दोन गोळ्या शेजारच्याच्या कागदावर लागल्या, एक तर थेट दहाच्या वर्तुळात, पण त्यानं आभार मानले नाहीत. घरी येताना गाडीत मला स्वच्छ कळलं की माझा खेळ संपला आहे. वाईट वाटलं. खूप वाटलं. गाडी पेट्रोलपंपावर थांबवून जरा वेळ बसलो, मग बसल्या बसल्या पेट्रोल भरून घेतलं.

इतकं कळल्यावर शहाणा माणूस थेल्माला नाही म्हणून आला असता. मी शुक्रवारी तिच्याबरोबर लमार बोल्ट्झच्या दुकानात गेलो. (इथं एक हात सोडून दुसऱ्या हातात पिस्तूल जायचं तर मध्ये दुकानदार लागतो, हे तू जाणतेसच. लमार मासे पकडायची गांडुळंही विकतो, एकाच काउंटरवर.) त्यानं सरकारी फॉर्म पुढे केला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, उंची लिहिली, वजन अदमासानं लिहिलं. मग प्रश्न आला: हे हत्यार तुम्ही स्वतःसाठी घेत आहात काय? आणि पेन थांबलं. पेन थांबलं म्हणजे बघ, ज्या हातात ते होतं तो हात कधी थांबत नाही.

"क्लेटनकाका, 'हो' वर खूण करा," लमार म्हणाला. मी म्हटलं, विचार करतो. "अहो, आजवर या प्रश्नावर कुणी विचार केलेला नाही!" मी विचारलं, दुसऱ्याला द्यायचं असेल तर? तो म्हणाला, भेट म्हणून देणार असाल तरी 'हो' चालतं, कायद्यात बसतं, आता लिहा, मागे गिऱ्हाईक उभं आहे. मी म्हटलं, भेट ज्याला द्यायची त्याला ती हवी तर पाहिजे ना? त्याला विचारलं कुठे आहे अजून? थेल्मानं सुस्कारा सोडून गांडुळांशेजारचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. गिऱ्हाईक निघून गेलं. शेवटी लमारनं तो अर्धा फॉर्म फाडला, पिस्तुलाला माझ्या नावाची चिठ्ठी बांधली आणि ते तिजोरीत ठेवलं. म्हणाला, "ठरलं की या. पण जिवंतपणी या."

तर असा सगळा प्रकार आहे. घ्यावं की नाही, ते तू शांतपणे विचार करून कळव. घाई नाही. प्रकृतीस जप, पायऱ्यांवर मीठ टाकायला शेजाऱ्याला सांग, स्वतः उतरू नकोस. डोरिसचा नमस्कार (बोलू लागली की विचारून घेईन).

तुझा धाकटा भाऊ,
क्लेटन

ता. क. : घाई नाही असं वर लिहिलं ते खरं नाही. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार तीन आठवड्यांवर आहे. आणि पिस्तूल मला नको आहे, ते तू घ्यावंस. नाताळात पाठवलेल्या रजईवरचे तुझे टाके डोरिसनं भिंगातून पाहिले, एक तांदळाएवढाही वाकडा नाही. तुझा हात अजून तसाच आहे. वरची खोली रिकामी आहे. हिवाळाभर इथं राहा, ऑर्व्हिलच्या जागी उभी राहा, मी मागे बसून तुझ्या गोळ्या भरून देतो. (निम्म्या खाली पडतील, पण पाव तरी भरीन.)

ता. क. दुसरं : संघ अजूनही तिघांचाच राहील हे माझ्या आत्ता लक्षात आलं, कारण मी बाद. पण थेल्मानं काल विचारलं की बायकांना चालतं का. मी म्हटलं, एकीला चाललं तर दुसरीलाही चालेल. म्हणजे सगळं तुझ्यावर आहे.

ता. क. तिसरं : हे डोरिस झोपल्यावर लिहिणार होतो, पण आताच लिहितो, नाहीतर राहून जाईल. १९७९ मध्ये संघात एकच जागा होती आणि तिच्यासाठी आपण दोघं उभे होतो. शेवटच्या फेरीत माझ्या चार गोळ्या भरकटल्या. पाचव्या वेळी पिस्तूल अडलं, मी हात वर केला आणि तेव्हाच्या नियमानं मला नव्या कागदावर पूर्ण फेरी पुन्हा मिळाली. एका गुणानं मी जिंकलो. तू माझी पाठ थोपटलीस आणि पुढे लग्न होईपर्यंत टेबलाशी बसून आमचे गुण मोजत राहिलीस. ताई, पिस्तूल अडलं नव्हतं. मी अंगठ्यानं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, खाली सरकवून पुढची गोळी वर चढूच दिली नव्हती. पंच ऑर्व्हिल होता. त्यानं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मरेपर्यंत त्याबद्दल कुणाजवळ बोलला नाही. ती जागा तुझी होती. मी तिथं सेहेचाळीस वर्षं उभा आहे आणि आता माझे पाय दुखतात. येऊन घे.