पायजम्याचे पाय

१२ जानेवारी २०२५, हदगाव

सापडला! आणि कुठे, तर आमच्याच उकिरड्यावर. आईच्या नव्या कोंबड्याच्या पायांना घोट्यापासून बोटापर्यंत पिसं आहेत. आई त्याला पायजम्या म्हणते. मी वर्षभर पुस्तकांत असल्या कोंबड्यांची चित्रं बघतेय नि हा इथे आरामात दाणे टिपतोय. एमएस्सीच्या प्रबंधाला विषय मिळाला. अंगणात नाचले. आई म्हणाली, "येड लागलं का लुंबिनी?"

१३ जानेवारी, नांदेड

फोटो बघून माझ्या गाईड तनुजा मॅडम खुर्चीतून उठल्याच. अंड्यात पिल्लू घडताना पंख घडवायला लावणारा एक जनुक, पाय घडवायला लावणारा दुसरा. माणसाच्या हातापायांनाही तेच दोघे! पायजम्यासारख्यांत पंखाचा जनुक पायातही चालू होतो, म्हणून तिथे पिसं. जुनाच जनुक दुसरीकडे चालू झाला की शरीराचा घाट बदलतो. दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलेय. मेसच्या काकूंनाही सोडलं नाही.

मॅडमची अट कडक आहे. १५ फेब्रुवारीच्या आत पायांची मापं, नाहीतर विषय बदलून तळ्यातलं शेवाळ.

१९ जानेवारी, हदगाव

पायजम्या कापला.

उमरीचे मामा न सांगता आले. घरात कोंबडा असताना भावाला पिठलं वाढणं आईला जमणारच नाही. "तू फोटो काढले व्हते की. अजून काय पाह्यजे व्हतं?" मापं राहिलीत हे मी तिला सांगितलंच नव्हतं. चूक माझी, तरी मीच भांडले. जेवणार नाही म्हणाले. मग जेवले. रस्सा चांगला झाला होता, त्याचाच जास्त राग आला.

२० जानेवारी

बसपर्यंत सोडायला आलेली आई: "पायजम्याच्या कोंबडीची अकरा अंडी काल खुडुक कोंबडीखाली ठेवलीत. निघंल की एखादं बापावर." मॅडमना काही बोलले नाही. शेवाळासाठी वही आणली.

९ फेब्रुवारी

आईचा फोन. नऊ पिल्लं निघाली. पाचांच्या पायांवर लव! हॉस्टेलच्या जिन्यातच किंचाळले. विषय वाचला!

आई बोलतच होती. "पर बाहीरच्या बोटावरच का गं? आतली बोटं साफ हायत. पाची जणांची तशीच. कोंबड्याची बी तशीच व्हती, कापताना पाह्यलं मी."

माझ्याकडे पायजम्याचे चौदा फोटो आहेत. सगळे पुन्हा पाहिले. आई बरोबर बोलतेय. मला एकदाही दिसलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

हदगावहून पाची पिल्लांची मापं घेऊन आले. मॅडमना आईचा प्रश्नही सांगितला. त्यांनी मापांचा कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "पंखाचीही मोठी पिसं एकाच कडेला असतात. कडा कोण ठरवतं, हे शोध. हाच तुझा प्रबंध. कुणी विचारलं हे?"

"आईनं. सरजाबाई नाव तिचं."

"शिकल्यात किती?"

"चौथी."

१२ फेब्रुवारी

मॅडम म्हणतात, यावर शोधनिबंधही लिहायचा. कोऱ्या कागदावर त्यांनी लेखकांची तीन नावं लिहिली. माझं दुसरं आहे. पहिलं सरजाबाईचं.