पोळं उतरवण्याआधी

बाबा, मंगळवारी मी भंडाऱ्यात एका इमारतीवरून आग्या मोहोळ उतरवलं. काम नीट झालं, कोणाला काही झालं नाही. घरी आले, अंघोळ केली, वरण-भात खाल्ला आणि झोपले. सकाळी चहा पिताना वाटलं, हे तुम्हाला सांगावं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली हे मी विसरले होते असं नाही. पण कप हातात तसाच राहिला आणि चहा निवून गेला. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचायला यायचं ते दुकानांच्या पाट्यांपुरतं. पाट्या तुम्हीच रंगवायचे, त्यामुळे अक्षरं ओळखीची झाली होती.

जवाहरनगरच्या रस्त्याला आता नवी वस्ती झाली आहे. तुम्ही होते तेव्हा तिथे धानाचे बांध होते. त्यातल्या एका चार मजली इमारतीत तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीखाली पोळं लागलं होतं, दोन सुपं जोडली तर होईल एवढं. आठवडाभर कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. मग एका गृहस्थाने वरून फिनाइलच्या पाण्याची बादली ओतली. माश्या उठल्या. दूधवाल्याला चावल्या, जिन्यात उभ्या असलेल्या दोघींना चावल्या. त्यातल्या एकीला रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यानंतर मला फोन आला. मी पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. सोसायटीचे सचिव तोंडाला गमछा गुंडाळून फाटकातच उभे होते.

"मॅडम, टेंभा लावा अन् एका मिनिटात काम खतम करा," ते म्हणाले. "लोकं कितीक वेळ दारं लावून बसतील?"

मी म्हटलं, दुपारी नाही. दिवस बुडाला की माश्या पोळ्यावर येतात, अंधारात माणसांच्या मागे लागत नाहीत, तेव्हा धूर देऊन उठवू. आत्ता आग लावली तर अर्ध्या मरतील आणि अर्ध्या माणसं शोधत फिरतील.

"आमच्या गावात त दिवसाच जाळत होते," ते म्हणाले.

"माझ्याही गावात," मी म्हटलं.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. आज मी बोलते, तुम्हाला थांबवता येणार नाही. आपल्या करडीत लग्नघर होतं. अंगणाला लागून कडुनिंब, कडुनिंबावर मोहोळ. तुम्ही उन्हाळ्यात घरांना चुना मारायचे, तुमच्याकडे लांब शिडी होती, उंचीचं भय नव्हतं, म्हणून मोहोळ जाळायला गावभर तुम्हालाच बोलावत. तुम्ही म्हणाले, सांजच्याला येतो. लग्नघरचे म्हणाले, पाहुणे चार वाजता येऊन राहिले. तुम्ही वर सूर्याकडे बघितलं. नाही म्हणाल असं मला वाटलं होतं. तुम्ही बांबूला धानाची वाळली तणस गुंडाळली. मी तेव्हा बारावीत होते. आई आणि मी त्याच घरी ओसरीत तांदूळ निवडत होतो.

पेटती तणस पोळ्याला लागते आणि माश्यांचा आवाज येतो. ट्रॅक्टर चढावर लागल्यासारखा तो आवाज. सगळ्या बाया आत पळतात, दार लागतं. आणि मग गोठ्यातून बैल ओरडतात. बैलांची जोडी दाव्याला बांधलेली आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलेलं नाही. आई लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून घेते आणि म्हणते, "दावं सोडतो अन् येतो." कोणी तिला धरेपर्यंत ती बाहेर असते. दाराच्या फटीतून मला दिसतं, एका बैलाचं दावं सुटलं, तो शेपूट वर करून तलावाकडे धावला. दुसरी गाठ सुटत नाही. ती एका हाताने तोंड झाकते, एका हाताने गाठ ओढते. माझा हात कडीवर आहे. मागून बाया म्हणतात, "उघडू नको वो, सगळ्यायले खातीन." मी कडी धरून उभी राहते. तुम्ही शिडीवरून उडी मारलेली मला दिसली. दुसरा बैलही सुटला. तो पुढे बरीच वर्षं जगला. आई जीपमध्येच गेली, भंडारा यायच्या आधी.

गाव म्हणालं, नशीब. त्या घरचे लोक म्हणाले, तिले कोणी सांगतलं होतं बाहेर जायले. तुमच्या अंगावरची सूज उतरायला बारा दिवस लागले आणि नंतर तुम्ही परत चुना मारायला जाऊ लागले. टेंभा मात्र पुन्हा धरला नाही. बोलावणं आलं तर "माह्याकडून होत नाही" एवढंच म्हणायचे. घरी मी स्वयंपाक करायचे, तुम्ही जेवायचे. ताटात भाजी संपली की ताट थोडं पुढे सरकवायचे. घरात आपलं बोलणं त्यातच व्हायचं.

आठ वर्षांनी बचत गटातून मी मधमाश्यांच्या प्रशिक्षणाला गेले, ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळलं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. तुम्ही दारात उभे राहिले, आत आले नाही.

"काहून जाऊन राहिली तू तिकडं?"

"पेटीत पाळतात त्या माश्या, बाबा. सातेरी. गरीब असतात."

"अन् आग्या?"

"तेबी शिकवतात. जाळत नाहीत. धूर देतात, हाकलून लावतात."

"हाकलून लावतात," तुम्ही म्हणाले. मग आवाज चढला. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा चढला होता. "दुनियेत दुसरा धंदा नाही काय तुले? लाज नाही वाटत?" तव्यावरची भाकरी जळली. मी ती काढली नाही. तुम्हीही हलले नाही. कशाची लाज, आईची की तुमची, हे मला कळलं नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.

दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलले नाही. मग एक दिवस माझ्या पिशवीवर एक टोपी ठेवलेली दिसली. बांबूच्या टोपीला मच्छरदाणीची जाळी चारी बाजूंनी शिवलेली होती, धानाची पोती शिवायच्या दाभणाने, सुतळीने. टाके मोठे मोठे, पण कुठेही बोट जाईल एवढी फट नव्हती. प्रशिक्षण केंद्रावरून मला चांगली टोपी मिळाली होती. मी तुमचीच घातली. पहिलं काम आसगावला होतं, शाळेच्या मागच्या भिंतीवर. तुम्ही न बोलावता शिडी घेऊन बसमध्ये चढले, कंडक्टरशी भांडून ती टपावर टाकली. तिथे पोचल्यावर तुम्ही पोळ्याकडे बघितलंच नाही. शाळेला एक फेरी मारली, मागच्या घरांना मारली, आणि दिसेल त्याला विचारत गेले, "इथं कोणाचं जनावर बांधून आहे काय? घरात कोणी पडून आहे काय?" मी शिडीशी उभी राहून ऐकत होते. आईबद्दल तुम्ही माझ्यासमोर एवढंच बोलले.

तेव्हापासून मीही तेच विचारते. मंगळवारीही विचारलं. या इमारतीत पळू शकणार नाही असं कोण आहे? सचिव म्हणाले, कोणी नाही. मी परत विचारलं. ते वैतागले, म्हणाले, यादी आहे माझ्याकडे, सगळे हिंडते-फिरते आहेत. जिना झाडणारी बाई ऐकत होती. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"दुसऱ्या माळ्यावरची आजी हाय ना," ती म्हणाली. "तिले चालता नाही येत. सून ड्युटीले जाते त बाहेरून कुलूप लावून जाते."

सचिव म्हणाले, "अरे हो. ते त ध्यानातच नाही राहिलं."

मी मान वर करून बघितलं. आजीची खिडकी पोळ्याच्या बरोबर खाली, उघडी, जाळी नसलेली.

सून कारखान्याच्या बसने येते, तिची वाट बघत आम्ही थांबलो. लोक वरून विचारत होते, किती वेळ, किती वेळ. मी टोपी मांडीवर घेऊन पायरीवर बसून होते. सहाच्या सुमारास ती आली, आम्ही कुलूप उघडलं. आजी डोक्यापर्यंत चादर ओढून पडलेली.

"काय होऊन राहिलं वो बाहेर?"

"मोहोळ काढून राहिलो, आजी."

तिने चादरीतून हात बाहेर काढला. दंडावर चार डंख, सुकून काळे पडलेले, बादली ओतली त्या दिवसाचे. सून रडायला लागली. "सांगतलं काहून नाही, आई?" आजी म्हणाली, "कोणाले सांगू? तू थकून येते." मी खिडकी लावली, फटीत ओलं फडकं कोंबलं आणि सुनेला सांगितलं, उद्या डॉक्टरला दाखवा.

दिवस बुडाला. सगळ्या घरांचे दिवे बंद करायला लावले. शेणी आणि कडुनिंबाच्या पाल्याचा धूर हळूहळू दिला. माश्या आधी वर सरकल्या, मग थव्याने सुटल्या आणि रस्त्यापलीकडच्या झाडावर जाऊन बसल्या. सकाळपर्यंत त्या तिथूनही गेल्या. पोळं कापलं, परत वासावर येऊ नयेत म्हणून मेण खरवडून काढलं. खाली लोक मधासाठी डबे घेऊन आले होते. फिनाइल पडलेला मध मी कोणाला दिला नाही. जिना झाडणारी बाई माझ्याशेजारी उभी होती, ती म्हणाली, बरं झालं. मी म्हटलं, हो. बरं वाटायला हवं होतं. हात धुतले, गाडीला किक मारली.

हे कागद पाठवायला पत्ता नाही. कामाच्या पिशवीत राहतील, भिजले की टाकून देईन. एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. तुम्ही गेले त्या दिवशी माझे डोळे एवढे सुजले होते की उघडत नव्हते. अख्खी करडी म्हणाली, पोरगी बापासाठी लय रडली. अजूनही म्हणतात. मी रडले नव्हते, बाबा. आदल्या दिवशी पेटी साफ करताना सातेरी दोन्ही पापण्यांना चावल्या होत्या. लोक म्हणाले तेव्हा मी मान खाली घातली आणि त्यांना तसंच समजू दिलं.