बनुबाईंचा प्रश्न आणि कृष्णातची नाडी

तासगाव, १२ जानेवारी १९४६

प्रिय नूरजहां,

सप्रेम सलाम. तुझ्या अब्बांचा खोकला ओसरला असेल आणि साताऱ्याच्या थंडीत दवाखान्यातली शेगडी अधूनमधून तुझ्याही वाट्याला येत असेल, असे धरून चालते. माझी प्रकृती उत्तम. परवा मला बघायला मेढ्याचे स्थळ आले आणि मोडले, एवढेच विशेष.

मुलगा कृष्णात. ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतल्यापासून त्याच्या छातीत धडधडते. लष्करी डॉक्टरने हृदय ठणठणीत असल्याचे लिहून दिले. पण त्याच्या आई बनुबाई यांच्या मते सरकारने पेन्शन वाचवायला तसे लिहवून घेतले. (आईचा कान स्टेथोस्कोपपेक्षा तिखट असतो, हे आपल्याला डॉक्टरकीच्या वर्गात शिकवायचे राहूनच गेले.) म्हणून त्याला जिना चढणे, उन्हात जाणे आणि मोठ्याने हसणे बंद. लग्न तेवढे चालते.

मी पाटावर मान खाली घालून बसले होते (हो, मीच). बनुबाई त्याला दर घासाला विचारत, "कृष्णात, धडधडतंय काय रं?" थोड्या वेळाने तो पांढराफटक पडला आणि हातातली पोह्यांची बशी वाजू लागली. मी उठले आणि त्याचे मनगट धरले. आमचे नाना ओरडले, "चंद्रे, हात सोड! अजून लग्नाच्या याद्या झाल्या न्हाईत!"

मी घड्याळाकडे बघत राहिले. सगळे गप्प, तशी नाडी उतरली. बनुबाईंनी पुन्हा विचारले, नाडी उधळली. खात्रीसाठी मी त्यांना आणखी एकदा विचारण्याची विनंती केली, आणि त्यांनी अगदी मनापासून विचारले. मग मी समजावून सांगितले, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ग्रंथी असतात; माणूस घाबरला की त्या रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात, त्याने हृदय धावते, ते धावले की याला वाटते आता बंदच पडणार, म्हणून हा आणखी घाबरतो आणि ग्रंथी आणखी सोडतात. हृदयाचा यात काही दोष दिसत नाही. औषध एकच, तो प्रश्न बंद करा.

"म्हंजे माज्या लेकाचं दुखणं मी व्हय?" बनुबाई उठल्याच. "आवं, सून बघाया आलो, तर हिनं सासूच तपासली!"

स्टेशनावर जायला गाडी जुंपली गेली. मला काही वाटले नाही. स्थळे येतात आणि जातात. कृष्णातने शेवटपर्यंत हात काढून घेतला नाही, ही नोंद केवळ वैद्यकीय.

तुझी,
चंद्रा

ता. क. मध्यस्थ आकाराम सांगून गेला, की मला खोटी पाडायला बनुबाई कृष्णातला गुरुवारी तुझ्याच दवाखान्यात आणणार आहेत. आपली मैत्री त्यांना ठाऊक नाही. माझ्याखातर खोटे बोलू नकोस. छाती नीट तपास, दोष आढळला तर स्पष्ट सांग. (आढळणार नाही.) फक्त बनुबाईंना आधी बाहेर बसव. नाहीतर तो जन्मभर खाटेवर बसून त्यांना उत्तरे देत राहील.

आणखी ता. क. दोष नसेल तर त्याला एवढे सांग, की नकार मेढ्याचा आहे, तासगावचा नाही. हे सांगण्याआधीची आणि सांगितल्यानंतरची त्याची नाडी मोजून मला कळव. दुसरी वाढली नाही, तर टपालाचे तिकीट वाया घालवू नकोस.