बाबांनी जपलेला फर्मा

मुरबाड,
बुधवार, १५ फेब्रुवारी २००६

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा थंडीने धरला होता, तो ऊन वाढल्यावर जरा मोकळा झालाय. परड्यातल्या वालाला शेंगा भरल्यात. आईने तुमच्या वाटणीच्या काढून टोपलीत ठेवल्यात आणि रोज त्यावर पाणी शिंपडते. काजल वहिनी आणि प्रेमाला माझी आठवण सांग. प्रेमाचे दात पडायला लागले म्हणे. पडलेला दात जपून ठेव, आईला बघायचाय.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण सोमवारपासून मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तू कापलास. म्हणून कारखान्यातला आपला सुदाम संध्याकाळी तुमच्या आसनगावला घरी जाईल, त्याच्या हाती हे पत्र देतेय. तुझ्याच हातात द्यायचं, वहिनीकडेही नाही, असं त्याला बजावलंय. पत्र कापता येत नाही, दादा. फाडता येईल, पण त्याआधी थोडं तरी वाचशीलच.

वत्सला मावशी गेली, टोकावड्याला तिचं पुण्यानुमोदन झालं त्याला पंधरा दिवस झाले. सगळे तुला विचारत होते. मी सांगत होते, कारखान्याच्या मुंबईच्या ऑफिसात कामाचा फार ताण आहे हो त्याला. ज्या मावशीने तुला दहावीपर्यंत आपल्या घरी ठेवलं, तिच्या कार्याला तू आला नाहीस, आणि मी तुझी बाजू घेत तीन दिवस फिरले. आता ते आठवलं की मला माझीच चीड येते. कारण त्या तीन दिवसांत तू मुरबाडलाच होतास. आपल्या कारखान्यात, माझ्या खोलीत, माझ्या टेबलाशी.

टोकावड्याला जाण्याआधी माझ्या शिक्क्याच्या खणाची किल्ली मीच तुझ्या हातावर ठेवली होती. "एखादा कागद लागला तर असू दे," म्हणालास. मी भावाला किल्ली दिली. दुसऱ्या कुणाला दिली असती का?

मला हे कसं कळलं ते आधी सांगते, म्हणजे तू उगाच कारखान्यातल्या कुणावर संशय घेणार नाहीस. कुणी चुगली केलेली नाही. मला हे बाबांनी सांगितलं. तेही चुगली म्हणून नाही, कौतुकाने.

रविवारी जेवताना म्हणाले, "गो दीप्ते, दिवाळीतलं ते काम परत आलं बग. इंद्रजित मनला व्हता, घरात बोलू नका. पन तुज्यापासून काय लपवायचं? तूच तर तिथली साहेब हायस."

मी विचारलं, "कुठलं काम?"

"तेच गो, तू थांबवलं व्हतंस ते. चाळीस खोकी. या टायमाला मला मापं पन घ्यावी लागली नाय. जुना फर्मा खुंटीवरनं काढला न् बसवला. एक सूतभर पन फरक नाय."

बाबांची पद्धत तुला माहीत आहे. खोकं बनवायचं म्हणजे चार फळ्या ठोकायच्या असं त्यांना कधीच वाटलं नाही. आतला माल हलू नये म्हणून ते प्रत्येक वस्तूसाठी लाकडाची वेगळी बैठक कोरतात, आणि त्या बैठकीचा फर्मा, म्हणजे नमुन्याची पातळ फळी, भोक पाडून पडवीत खुंटीला टांगतात. चौदा वर्षांत एकही टाकलेला नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, कागदावर काय लिहिलंय ते कळत नाही. पण कुठल्या खाचेत काय बसतं ते त्यांना झोपेतही सांगता येईल.

मी सोमवारी सकाळी फाईल काढली. कागदावर लिहिलंय, शेतीच्या फवारणी पंपाचे सुटे भाग. बाबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "पंप? या खाचंत पंप बसला तर मी मिशी काढीन!" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं.

त्या खाचेत काय बसतं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. तोफगोळ्याच्या तोंडाशी बसणारं पितळी टोपण. दिल्लीच्या परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ नये अशा मालाची सरकारी यादी आहे, तिच्यात त्याचं नाव आहे. दिवाळीत मी तो माल अडवला, कारण घेणाऱ्याने दिलेला दाखला खोटा निघाला. हा माल शेवटी कोण वापरणार, कशासाठी वापरणार, हे घेणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. त्याने लिहून दिलेल्या सैन्याच्या खात्याला मी वकिलातीमार्फत विचारलं. उत्तर आलं, आम्ही असं काही मागवलेलंच नाही. तेव्हा कारखान्याचे मालक, आपले साहेब, मला म्हणाले होते, "मॅडम, तुमचं काम वाट अडवायचं नाही, वाट काढायचं आहे." आता तुम्ही वाट काढलीत. दुसरा देश, दुसरा व्यापारी, वस्तूचं दुसरं नाव. सगळं बदललंत. फक्त खोकी आपल्याच बापाकडून करून घेतलीत, कारण तो स्वस्तात करतो आणि विचारत काही नाही!

आणि कागदाच्या खाली माझा शिक्का. माझी सही. तारीख ३१ जानेवारी. त्या दिवशी मी टोकावड्याला मावशीच्या फोटोपुढे बसले होते, शंभर माणसांनी मला पाहिलंय.

सही इतकी हुबेहूब आहे की क्षणभर मीच गोंधळले. मग आठवलं. आठवीत असताना मला सही करायला तूच शिकवलंस. ओसरीवर पाटी घेऊन बसलो होतो. द ला मोठा वळसा दे, खाली रेघ ओढ, रेघेखाली दोन टिंबं. "अशी सही कर की साहेबानं उठून उभं राहिलं पाहिजे," म्हणाला होतास. दादा, तू माझा जीव घेतला असतास तरी मला एवढा राग आला नसता.

तुझी उत्तरं मला पाठ आहेत. आपण नाही विकलं तर दुसरा कुणी विकेल. कारखान्यावर दोनशे घरं चालतात. तू काय जगाचा मक्ता घेतलायस? ही सगळी वाक्यं मी दिवाळीत तुझ्या तोंडून ऐकली आणि मूग गिळून बसले. आता ऐकणार नाही. दुसरा विकेल तर त्याची बहीण त्याला विचारील. माझ्या शिक्क्याने जे जातं त्याचं मी बघणार. आणि दोनशे घरांचं नाव तुम्ही घेऊ नका. ती माणसं इमानाने यंत्रावर उभी राहतात. आपण काय बनवतो ते त्यांना माहीत आहे, पण ते कुठे जातं ते कागदावर लिहितात तसंच असेल असं ते धरून चालतात. त्यांना फसवायचं आणि वर त्यांचीच ढाल करायची, ही कुठली रीत?

बाबांचं तर मला सांगवतच नाही. वखारीत ओंडके वाहता वाहता दुसऱ्याचं बघून सुतारकी शिकलेला माणूस. गावात कित्येक वर्षं त्यांच्या हातचा दरवाजा कुणी घराला लावला नाही, का ते तुला सांगायला नको. कारखान्याने त्यांना पहिल्यांदा महादू मिस्त्री म्हटलं. आपलं खोकं बोटीतून जातं याचा त्या माणसाला केवढा अभिमान! त्या अभिमानात तुम्ही हे भरून पाठवलंत.

एवढं लिहून मी उठले होते. पाणी प्यायले. वाटलं, इथेच पत्र संपवावं. पण मग मीही तुझ्यासारखीच ठरेन.

२००२ मधला तो पहिला दाखला तुला आठवतो? मी नवीन होते. तू म्हणालास, "साहेब गाडीत बसून वाट बघतायत, कर सही, मी बघितलंय." मी केली. एक फोन केला नाही, एक पत्र टाकलं नाही. सव्वा वर्षाने दिल्लीहून विचारणा आली. जिथे आपला माल जायलाच नको होता, अशा एका देशात आपल्या कारखान्याचे नंबर कोरलेली टोपणं सापडली होती. फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे, दादा. ते गोळे कुणाच्या अंगणात फुटले, तिथे कोण बसलं होतं, ते त्या कागदात नव्हतं. मी उत्तर लिहिलं की घेणाऱ्याने आमची फसवणूक केली. मी काहीच तपासलं नव्हतं हे लिहिलं नाही. ती विचारणा मी कपाटात सगळ्यात खाली ठेवली, आणि हे तुलाही सांगितलं नाही.

त्याच महिन्यात साहेबांनी माझ्या दारावर पाटी लावली. 'प्रमुख, निर्यात परवाना विभाग'. आईने पेढे वाटले. मुरबाडची मुलगी प्रमुख झाली म्हणून बुद्धविहारात माझा सत्कार झाला, तूच हार घातलास. मला आत कुठेतरी कळत होतं की ही पाटी माझ्या शिक्षणाची नाही, गप्प बसण्याची आहे. गावची पोर आहे, सांगू तिथे सही करील, म्हणूनच त्यांनी मला प्रमुख केलं. दिवाळीत मी पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि तेव्हापासून त्यांना माझी गरज उरली नाही. फक्त माझ्या शिक्क्याची उरली.

म्हणून तुला दोषी ठरवताना मी वेगळ्या पंगतीला बसत नाही. पण एक फरक आहे. तो माल गेला. हा अजून गेलेला नाही.

कंटेनर बंदरात उभा आहे. जहाज शुक्रवारी सुटतं. उद्या गुरुवारी मी मुंबईला परवाना कार्यालयात जाणार आणि तिथून कस्टमकडे. अर्ज लिहून तयार आहे. त्यात ३१ जानेवारीची सही माझी नाही हे लिहिलंय, आणि २००२ ची सही माझीच आहे हेही लिहिलंय. दिल्लीची ती विचारणा सोबत जोडलीय. सही कुणी केली, ती ओळ मात्र मी कोरी ठेवलीय. ती तू भरावीस. माझ्याबरोबर येऊन, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या अक्षरात. कुणी सांगितलं म्हणून केलीस तेही सांग, साहेबांना पाठीशी घालू नकोस. कोपऱ्यात उभं राहून मी तुझ्याकडे बोट दाखवावं, अशी वेळ माझ्यावर आणू नकोस. पण तू नाही आलास तर ती ओळ मी भरीन.

आईला काल सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच तुटून पडली. "भाव हाय गो तो तुजा! भावाला कोन धरून देतं?" मी म्हटलं, "आई, बहिणीची सही कोण करतं?" ती चुलीत लाकडं सारायला लागली. मग बाबा बोलले. म्हणाले, "ते लोक इचारतील, खोक्यात काय हाय ते तुला कसं म्हाईत? तू कागद दाखवशील. कागदाला ते कागद दाखवतील. मी फर्मा घेऊन येतो. तो माल काढा, न् ह्याच्यात बसवून बगा मनावं."

तर बाबा येतायत. फर्मा त्यांनी जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून दाराशी उभा करून ठेवलाय. पडवीतली ती खुंटी आता रिकामी आहे, येता-जाता नजर तिकडेच जाते. हे काम गेलं की कारखान्याचं कुठलंच काम आपल्याकडे येणार नाही हे त्यांना माहीत आहे. तू आत जाशील हेही माहीत आहे. मी विचारलं, "बाबा, इंद्रजितला काय लिहू?" ते फळीवरून हात फिरवायला लागले. म्हणाले, "त्याला मन, बापाला आपल्या हातचं वळकू येतं."

आम्ही पहिल्या एसटीने निघू. सकाळी नऊ वाजता कल्याण स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी थांबतोय. साडेनऊपर्यंत थांबू.

आई आता पीठ मळायला बसलीय. उद्याच्या वाटेसाठी तीन माणसांच्या भाकऱ्या थापतेय, आणि तुझ्या वाटणीचे वाल तिने शिजवायला घेतलेत. मी तिला काही विचारलेलं नाही.

तू शिकवलेली सही तूच वापरलीस, म्हणून या पत्राखाली ती करत नाही. नुसतं नाव लिहिते.

दीप्ती