उसनी आणलेली पोरं

३ मार्च
बाईला गुरं मोजायला धाडलं. शाळेला कुलूप. ज्यानं हा हुकूम काढला त्याच्या पोराचा मास्तर कुनी असा उचलून नेला असता तर? दुष्काळात चाऱ्यासाठी गुरं मोजावी लागतात, मान्य. मग मोजा की. तलाठी हाय, ग्रामसेवक हाय. ह्यांना नेमकी शाळेतलीच बाई कशी दिसती? गुरं मोजायला बाई, मग पोरं शिकवायला काय बैल बशिवता?
चंद्रा शाळेच्या दारातून परत आली. "आजी, कुलूप हाय." मग गेली आईसंगं पाझर तलावाच्या कामावर, धाकट्याला कडेवर घेऊन. चौथीत हाय नात माझी. कडेवरचं पोर तिच्याहून जड.
टँकर न्हाई.

५ मार्च
बाई आली. उन्हानं तोंड काळं ठिक्कर. म्हनली, "आजी, गुरं कमी, हाडंच जास्त मोजली."
नांदेडची पोरगी. आमच्याच पडवीत राहती म्हणून घरात मी तिला अगंतुगं करते, चारचौघांत शिंदेबाई. बायांच्या वर्गात तिनंच मला अक्षरं दाखवली. रोज दोन ओळी लिहा म्हनती, न्हाईतर विसराल. लिहून राहिले.
भाकरी खाता खाता बोलली. पटावर पोरं लई, वर्गात बोटावर मोजावी इतकी. बाकीची सगळी तलावाच्या कामावर. आईबाप माती उचलतेत, पोरं बारकी सांभाळतेत. "पोरं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच तिकडे न्यावी."
मी म्हनलं, शाळेला चाकं हायेत का?
"शाळा म्हणजे काही भिंती नाहीत, आजी."
पुस्तकातलं मला सांगू नको म्हनलं. फळा कुठं ठेवशील ते सांग.
"तिथल्या लिंबाला टांगीन."
मग ठीक.

८ मार्च
लिंबाखाली शाळा भरली.
मुकादम आधी गुरगुरला. "इथं काम चालतं बाई, बालवाडी न्हाई." सुमन, माझी सून, घमेलं खाली ठेवून म्हनली, "पोरं एका जागी बसली तर तुमच्याच खडीवर चढनार न्हाईत." मुकादमानं लिंबाखालची जागा मोकळी करून दिली.
खरी अडचण बारक्यांची. थोरल्या पोरी त्यांना घेऊन बसल्या की पाटी कोण धरनार? मग मीच लुगड्याच्या झोळ्या बांधल्या फांद्यांना. झोका द्यायला मी न् शेजारच्या दगडूची म्हातारी. सगळी बारकी निजली. चंद्राचे हात रिकामे झाले. लई दिसानं पेन्सिल धरली. ळ काढताना जीभ बाहेर.
हे एवढं साधं हाय. ह्याला कमिटी कशाला लागती?

११ मार्च
बाईनं वर अर्जी लिहिली. मला वाचून दाखवली. म्हनती, दुष्काळ असेतोवर गैरहजर पोराचं नाव पटावरून काढू नये. कामाच्या जागी शाळा भरवायची परवानगी द्यावी. परीक्षा काम बंद झाल्यावर घ्यावी. शिक्षकाला मोजणीबिजणीला लावू नये.
मी म्हनलं, झोळीचं कुठं हाय? झोळी सांभाळायला एक बाई ठेवा म्हणून लिही. न्हाईतर निम्म्या पोरी शाळेत येऊन बी नुसत्या आयाच होतेत. लिहिलं.
अजून एक लिही. टँकर आधी शाळेत रिकामा करा. घरचा हंडा पोरानं शाळेतनं भरून न्यायचा. मग बघू कोन माय पोराला घरी ठेवती. बाई हसली. म्हनली, "हे कोणत्याच धोरणात नाही."
मग धोरणाला तहान लागत न्हाई का?

१३ मार्च
अर्जी कुठं द्यायची ह्याचाच पत्ता न्हाई. लातूर जिल्हा झाला म्हणून अहमदपूरच्या बाजारात पेढे वाटले होते, मीबी खाल्ला. आता जुनी कचेरी म्हनती नव्या कचेरीत द्या. नवी म्हनती जुनीकडून कागद यायचेत. बाई दोन्हीकडं हिंडून आली, चपलेचा अंगठा तुटला. दोन आयांचं पोर न् दोन्ही म्हनतेत, तुज्याकडं जेवलं असंल.

१७ मार्च
पाझरला पाणी न्हाई, कचेरीला पाझर फुटला. शाळा तपासनारा साहेब येनार! बाईची अर्जी कुनीतरी वाचली. लिंबाखालची शाळा सोता डोळ्यांनी बघनार, पटलं तर दुसऱ्या कामांवर बी तशीच भरवनार. बाई नाचायचीच राहिली होती. चंद्राला कविता म्हनायला लावली. धाकटा पण ऐकून ऐकून शेवटचा शब्द बोलतो.

१८ मार्च
अप्पा सरपंचाच्या दुकानात मिठाला गेले. गावात आनंद, अप्पाचं तोंड उतरलेलं.
"गयाबाई, हे बरं न्हाई झालं. साहेब शाळेची खोली बघनार. रिकामी. म्हनेल, इथं शाळा कशाला? उचला, टाका पलीकडच्या गावात."
शाळा काय गुळाची ढेप हाय उचलायला, म्हनलं.
"तुम्हाला हसू येतंय. ती जागा माझ्या वडलांनी दिली. नव्या जिल्ह्याचा पहिला साहेब, आन आमची पोरं मातीत बसलेली दाखवायची? इज्जत काय राहिली?"
मी म्हनलं, इज्जत खोलीत ऱ्हाती का पोरांत?
मीठ बांधून दिलं. मिठात मात्र खडा निघाला.

२० मार्च
आज साहेब.
लिहू वाटंना. लिहिते.
सकाळीच लिंबाखाली झाडलं. पोरांची डोकी तेलानं चोपडली, कुनाकडं तेल नव्हतं त्यांना सुमननं आपलं दिलं. फळ्यावर बाईनं तारीख लिहिली, खाली फूल काढलं. दुपार झाली. रस्त्यावर धूळ दिसली, जीप गावाकडं वळली. बाई म्हनली, चहा घेऊन येतील. बसलो. पोरांनी कविता तीनदा म्हनली. मग धूळ परत दिसली. गावातून बाहेर जाताना.
बाई उभीच. "आजी, रस्ता चुकला असेल का?"
चुकला न्हाई. चुकवला.
सांजच्याला कळलं. अप्पानं पलीकडच्या गावातली पोरं आणली, दोन गाड्या भरून. त्यांचा गुर्जी बी संगं. लग्नाला भांडी उसनी आणावी तशी पोरं. तशी जुनीच रीत हाय ही. साहेब आला की ह्या गावची पोरं त्या गावात, त्या गावची ह्या गावात. चंद्रा बी एकदा गेली होती, शिरा खाऊन आली. पन ते भरल्या सालात, साहेबाला नुसता चहा पाजायचा असायचा तवा. आज साहेब काय बघायला आला होता?
पोरं खोलीत बसली, पाढे म्हनली, साहेब खूश. अप्पा म्हनला, उन्हात कशाला जाता साहेब, इथंच सगळं हाय.

२१ मार्च
अप्पा स्वतः सांगायला आला. हातात नारळ. "शाळा वाचली, गयाबाई. साहेबांनी शेरा दिला, हजेरी उत्तम, या गावाच्या शाळेवर दुष्काळाचा परिणाम नाही."
बाई पडवीतून ऐकून राहिली होती. बाहेर आली. आवाज चढवत न्हाई ती, तो दोषच हाय तिचा.
"अप्पा, परिणाम नाही असं लिहिलं ना? मग लिंबाखालची शाळा कशासाठी, म्हणतील."
अप्पाला तवा कळलं. तोंड उघडंच राहिलं, नारळ तसाच हातात. "मी तर गावाचं भलं..." एवढंच.
मी म्हनलं, उसन्या पोरांनी तुझी खोली भरली न् आमचा लिंब रिकामा केला. ने तो नारळ.
सुमन हसली. बाई न्हाई.

२७ मार्च
कचेरीचा कागद. झाडाखाली परवानगीशिवाय शाळा भरवू नये. आणि तपासणीदिवशी शाळेत विद्यार्थी हजर असताना बाई गैरहजर का, आठ दिसांत खुलासा करावा, न्हाईतर कारवाई.
दोनदा वाचून घेतलं. सोताची पोरं घेऊन सोताच्या शाळेत बसलेली बाई गैरहजर. जी पोरं ह्या गावची न्हाईतच ती हजर.
मुकादमानं झोळ्या सोडवल्या. लुगडी घडी करून दिली, तेवढा माणूस हाय. चंद्राच्या कडेवर धाकटा परत. सांजला येऊन म्हनली, "आजी, फळ्याचा खिळा हाय अजून लिंबाला." काढू देऊ नको म्हनलं.
टँकर आला. भांडणं.

२९ मार्च
बाई खुलासा लिहून राहिली होती. पहिलीच ओळ, माफी असावी.
माफी कशाची? तू काय चोरलंस?
"आजी, नोकरी आहे. घरी आई आहे, दोन बहिणी आहेत."
मग खरं लिही. पोरं उसनी होती म्हणून लिही.
"लिहिलं तर पलीकडच्या गुरुजींचं काय? त्यांनी सरपंचाच्या शब्दावर पोरं आणली. त्यांची नोकरी जाईल. आणि पटाचं खोटं निघालं तर दोन्ही शाळा बंद करायला कारण मिळेल."
तेबी खरं. डोकं फिरलं माझं. असा कसा कायदा, की खरं बोललं तर पोरांच्या शाळा जातेत, खोटं बोललं तर पोरं शाळेतून जातेत? धोरण धोरण म्हनतेत. ज्याला सुधारायचंय त्यानं आधी हे सुधारावं. मास्तराला खरं सांगायची भीती नको. बाकीचं मास्तर सोता करतेत, मी बघितलंय.
बाई रडली का बघितलं न्हाई. चूल फुकत होते.

३१ मार्च
अप्पाच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती. असू दे.
म्हनलं, अप्पा, बाईला खुलासा मागितलाय, तिच्यावर बालंट तुझं.
"हळू बोला."
न्हाई बोलत. पोरं कुनी आणली?
"मी. पन गावासाठी."
मग गावासाठीच कचेरीत जाऊन सांग. सांग साहेब, गुर्जी माझ्या शब्दाखातर आला, बाई तुमच्याच वाटंला डोळे लावून बसली होती. आमची पोरं तळ्यावर हायेत, येऊन बघा, चहा तिथं पाजतो.
"माझी काय इज्जत राहील तिथं? नवा जिल्हा, पहिल्यांदाच तोंड बघतील आन ते असं."
तराजूत गूळ होता, तो तसाच. कासारीण म्हनली, "जा की अप्पा, खोलीला जागा तुमच्या वडलांनी दिली, पोरांना तुमी द्या." बाया हसल्या. अप्पा हसला न्हाई. म्हनला, बघू.
बघू न्हाई म्हनलं. खुलाशाची मुदत बघू म्हणत न्हाई.

२ एप्रिल
अप्पा सकाळी टोपी घालून एस्टीच्या थांब्यावर उभा होता म्हनतेत. गाडी भरून आली होती. चढला का माघारी फिरला, कुनी बघितलं न्हाई. दुकान बंद हाय. बायको म्हनती, मला सांगून जात न्हाईत.
बाई कोरा कागद घेऊन बसलीय. पेन उघडलेलं. कामावरून पोरं आली, दारात उभी. उद्या लिंबाखाली यायचं का इचारतेत. बाई माझ्याकडं बघती.
यायचं, म्हनलं. मुकादम हाकलल तवा बघू.
आन बाई, ते पेन बंद कर. कागद तुझ्या नावानं आला असंल, पन एक ओळ लिहायची न्हाईस. पोरं अप्पानं आणली, जवाब अप्पानंच द्यायचा.