रामचंद्ररावांच्या गुडघ्यावरील लवंगी मिरचीचा लेप

श्रीवर्धन, सोमवार

तीर्थस्वरूप दादांस चांगदेवचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. वाडीत सुपारी बरी लागली आहे. मस्कतच्या उन्हात तुमचे पित्त कसे आहे ते कळवावे. पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवत आहे, कारण फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता आणि तपशील राहून जातो.

मृणालीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी ‘भाजून काढले’ असे वहिनींनी तुम्हाला कळवले असेलच. शब्द चुकीचा आहे. कातडीला फोड आला नव्हता. चार बोटे रुंद, पाच बोटे लांब एवढा भाग लाल झाला होता (मी मोजला), आणि लाली येणे हाच या लेपाचा गुण आहे. आपले आजोबा दाढ दुखली की मिरचीच्या तेलाचा बोळा धरत, पडशाला मिरचीचा काढा देत आणि पहाटे होडीवर जाणाऱ्यांच्या गारठलेल्या तळपायांना हेच तेल चोळत. मी त्यात वाचनाने भर घातली. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे असले तरी उपचारांची वही बाविसाव्या वर्षापासून चालू आहे.

कृती लिहितो, म्हणजे गैरसमज नको. सुक्या लवंगी मिरच्या सात, बिया काढून. घरच्या खोबरेलात मंद आचेवर चाळीस मिनिटे, नंतर मलमलीतून दोनदा गाळणे. (एकदा गाळणारे लोक असतात. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.)

शनिवारी सुपारी फोडायला नागावची मंडळी आली. तुम्ही तिथे, म्हणून मुलीकडून बसण्याचा मान तुम्ही मला दिलात, याची मला पूर्ण जाणीव होती. रामचंद्रराव फाटकातून येताना लंगडत आहेत हे मी ओटीवरूनच टिपले आणि वहीत ‘डावा’ अशी नोंद केली. कोणता गुडघा दुखतो असे विचारणे मला कमीपणाचे वाटते. जाणत्याला चालीवरून कळते. चहा येईपर्यंत वेळ होता, म्हणून त्यांची विजार वर सरकवून मी लेप लावला. ते दोनदा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या हो चांगदेवराव, पण हा...” मी म्हटले, बोलू नका, बोलल्याने नाडी वाढते. नव्या व्याह्याचा संकोच असतोच. चंद्राबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पदरात तोंड खुपसून म्हणाल्या, “लावा लावा भाऊ, व्हय, चांगला चोळा.” त्यावरून घरच्यांचा पाठिंबा आहे असे मी धरले.

बाराव्या मिनिटाला रामचंद्रराव उठले आणि वाडीतल्या पाण्याच्या पाटाकडे निघाले. ओटीपासून पाटापर्यंत एकोणतीस पावले. एकाही पावलात लंगडणे नव्हते, हे तुम्ही वहिनींना मुद्दाम विचारा. पाण्याने तिखट उतरत नाही, तेलाने उतरते, हे मी मागून ओरडून सांगत होतो. पण तोवर ते मांडीपर्यंत पाटात उतरले होते, आणि गुडघा चोळलेल्या हातानेच डोळे पुसल्यामुळे माझे म्हणणे त्यांना पटण्याच्या स्थितीत नव्हते. ताटातली सुपारी ताटातच राहिली. मंडळी “कळवतो” म्हणून गाडीत बसली. गाडीत चढतानाही ते लंगडले नाहीत.

उपचार यशस्वी झाला एवढेच मला नोंदवायचे होते. प्रकृतीस जपावे.

आपला
चांगदेव

ता. क. नागावहून रविवारी फोन आला. स्थळ त्यांना पसंत आहे. येत्या गुरुवारी पुन्हा येतील. अट एकच, मुलीचे काका घरात नकोत. वहिनींनी मला त्या दिवशी सुकी मासळी आणायला रेवदंड्याला धाडायचे ठरवले आहे. घरात सुकी मासळी भरपूर आहे. मृणालीला चालायला मी शिकवले आहे, दादा. तुम्ही वहिनींना आणि नागावला एक फोन करावा.

ता. ता. क. दुखरा गुडघा उजवा होता. मृणालीने काल सांगितले: “काका, समोरून येणाऱ्याचा आपल्या डावीकडचा तो त्याचा उजवा असतो, तूच मला शिकवलंस.” वहीत दुरुस्ती केली आहे. तरी डाव्याला लावून उजवा चालता झाल्याचा दाखला मला अद्याप कुठे सापडलेला नाही. लेपाची बाटली कपाटात बंद आहे, चावी मृणालीकडे. फोनवर त्यांना सांगा की चांगदेव हात दोनदा साबणाने धुऊन, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, तोंड मिटून बसेल. (त्या एकोणतीस पावलांबद्दल कोणी विचारले नाही तर.)